गोठ्यातून घरात आलेला करार: कुत्र्याच्या विम्याचा इतिहास

कुत्र्याचा विमा घ्यायचा म्हणून तुम्ही एखाद्या कंपनीचा प्रस्ताव अर्ज हातात घेतलात, तर सुरुवातीचे प्रश्न साधारण असे असतात: जात कोणती, वय किती, अंगावर ओळखीची खूण कोणती, किंमत किती. तुमच्या मनातला प्रश्न मात्र वेगळा असतो. उद्या कुत्रा आजारी पडला आणि शस्त्रक्रिया करावी लागली, तर दवाखान्याच्या बिलाचे काय? तुम्ही खर्चाबद्दल विचारता आणि अर्ज किमतीबद्दल विचारतो. ही तफावत अर्ज लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणातून आलेली नाही. हा करार मुळात कुत्र्यासाठी बनलेलाच नव्हता. तो गाई-बैल-घोड्यांसाठी बनला, आणि पुढे कुत्र्याला लागू झाला. हा प्रवास कसा झाला ते या पाठात पाहू. पॉलिसी निवडताना, आणि विशेषतः एक पॉलिसी सोडून दुसरी घेताना, लोकांचे जे नुकसान होते त्याचे कारण बऱ्याच अंशी या प्रवासातच सापडते.

खूण आणि कातडे

जनावर मेले तर नुकसान कोणाचे, हा प्रश्न विम्यापेक्षा फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात गोध्यक्षाची कामे सांगितली आहेत. राजाच्या कळपातील जनावरांना डाग देऊन त्यांची नोंद ठेवायची, वर्ण, शिंगांची ठेवण आणि इतर खुणा लिहून ठेवायच्या. जनावर मेले तर गुराख्याने नुसते तोंडी सांगून चालत नसे. गाय किंवा म्हैस असेल तर डाग दिलेले कातडे, शेळी-मेंढी असेल तर खुणेचा कान, घोडा-गाढव-उंट असेल तर शेपटी आणि डागाचे कातडे आणून दाखवावे लागे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही गुराख्याने मेलेल्या जनावराचे कान, कातडे, शेपटी वगैरे मालकाकडे आणून द्यावे असा नियम आहे.

हा विमा नव्हे, कारण येथे हप्ता नाही आणि जोखीम वाटून घेणारा समूहही नाही. पण जनावराच्या विम्यातील सर्वांत अवघड प्रश्न येथे पूर्णपणे दिसतो: मेलेले जनावर तेच, हे कशावरून? माणसाला नाव असते, कागदपत्रे असतात, ओळख पटवणारे नातेवाईक असतात. काळ्या म्हशीसारखी दुसरी काळी म्हैस मिळणे मात्र मुळीच अवघड नाही. आजही गुरांच्या विम्यात कानातला बिल्ला हाच कराराचा कणा आहे. ‘टॅग नाही तर दावा नाही’ ही अट ग्रामीण भागात दूध धंदा करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. बिल्ला गळून पडला तर कंपनीला कळवून नवा मारून घ्यावा लागतो. अर्थशास्त्रातला खुणेचा कान आणि विमा कंपनीच्या कार्यालयात दाव्याबरोबर जमा होणारा बिल्ला, यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

किमतीचा विमा

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यांत, विशेषतः लिंकनशायर परगण्यात, ‘काऊ क्लब’ नावाच्या छोट्या सहकारी मंडळ्या होत्या. एकच गाय असलेले मजूर थोडी थोडी वर्गणी भरत आणि कोणाची गाय मेली तर त्याला दुसरी घेण्यापुरती रक्कम मिळे. उपचाराचा खर्च भरून देण्याची कल्पना त्यात मध्यवर्ती नव्हती. त्या काळच्या पशुवैद्यकाची ताकद पाहता ते स्वाभाविकच होते. जिथे उपचारच मोजके, तिथे उपचारखर्चाचा विमा कशाचा काढणार? गाय हे उत्पन्नाचे साधन होते, ते गेले तर त्याची किंमत मिळावी एवढाच हेतू.

भारतात हाच साचा सरकारी मार्गाने आला. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १०७ विमा कंपन्यांचे विलीनीकरण होऊन चार सरकारी कंपन्या उरल्या, आणि १ जानेवारी १९७३ पासून ही व्यवस्था सुरू झाली. गुरांचा विमा मोठ्या प्रमाणावर पसरला तो या चार कंपन्यांमार्फत, बहुधा बँकेच्या कर्जाला जोडून. पुढे केंद्र सरकारने २००५-०६ व २००६-०७ मध्ये निवडक १०० जिल्ह्यांत प्रायोगिक पशुधन विमा योजना राबवली. त्यात संकरित व जास्त दूध देणाऱ्या गाई-म्हशींचा विमा चालू बाजारभावाने उतरवला जाई, निम्मा हप्ता सरकार भरत असे आणि एका लाभार्थ्याला दोन जनावरांपर्यंत अनुदान मिळे. ‘चालू बाजारभाव’ हे शब्द लक्षात ठेवा. पुढे कुत्र्याच्या बाबतीत तेच आडवे येतात.

याच सरकारी कंपन्यांनी कुत्र्यांसाठीही पॉलिसी काढल्या. त्यांची जुनी घडण वाचली की गोठा लगेच ओळखू येतो. मुख्य संरक्षण मृत्यूचे, अपघाताने किंवा आजाराने. भरपाई विमा रक्कम किंवा मृत्यूआधीचा बाजारभाव यांपैकी जी कमी असेल ती. वयाची मर्यादा साधारण आठ आठवडे ते आठ वर्षे. रेबीज, डिस्टेंपर, लेप्टोस्पायरोसिस यांसारख्या रोगांनी मृत्यू आला तर लसीकरण झालेले असेल तरच दावा मान्य. महागडा जर्मन शेफर्ड किंवा प्रदर्शनात उतरणारा डॉबरमन पाळणाऱ्याला यात अर्थ होता, कारण त्याने पैसे गुंतवलेले असत.

आता रस्त्यावरून उचलून आणलेल्या देशी पिल्लाचा विचार करा. त्याचा बाजारभाव काय? शून्य. सात वर्षे घरात वाढलेला, मुलांच्या गळ्यातला ताईत झालेला हा कुत्रा मृत्यूच्या विम्यात जवळजवळ बिनकिमतीचा ठरतो. त्याच्या मोडलेल्या पायात प्लेट बसवायचा खर्च मात्र आयात केलेल्या कुत्र्याइतकाच येतो.

कायद्याची दृष्टीही फार वेगळी नव्हती. १८६० च्या भारतीय दंड संहितेत जनावर मारण्याच्या गुन्ह्याची दोन कलमे होती. कलम ४२८ दहा रुपये किंवा अधिक किमतीच्या जनावराला लागू होई. कलम ४२९ मध्ये हत्ती, उंट, घोडा, गाय, बैल, म्हैस यांना किमतीची अट नव्हती, इतर जनावरांना मात्र पन्नास रुपयांची होती. म्हणजे कुत्र्याला विष घालणाऱ्याला किती शिक्षा व्हावी, हे कुत्र्याच्या किमतीवर अवलंबून होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये हे रुपयांचे आकडे उरले नाहीत. दंड संहितेने किंमत सोडायला १६० हून अधिक वर्षे घेतली. विम्याच्या अर्जात ती अजून विचारली जाते.

घोडा गेला, कुत्रा आला

पशुवैद्यकाचा इतिहासही याच दिशेने जातो. लाहोरचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८२ चे, मुंबईत परळचे १८८६ चे. त्या काळी या शास्त्रापुढे प्रश्न होता लष्कराच्या घोड्यांचा, ओझ्याच्या बैलांचा आणि गुरांच्या साथींचा. घरगुती कुत्रा हा रोगी म्हणून फार नंतर आला. मोटारी आल्या, शहरातला घोडा संपला, आणि युरोप-अमेरिकेतील पशुवैद्यांना नवा रोगी शोधावा लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविके, सुरक्षित भूल आणि क्ष-किरण तपासणी कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यातही रुळली. आजार बरा करता येऊ लागला तसा तो महागही झाला, आणि उपचारखर्चाच्या विम्याला तेव्हा कुठे विषय मिळाला.

स्वीडनमध्ये घोडे व गुरांचा विमा उतरवणारी कंपनी १८९० साली उभी राहिली, आणि कुत्र्याची पहिली पॉलिसी १९२४ ची मानली जाते. ब्रिटनमध्ये पहिली पॉलिसी १९४७ ची. अमेरिकेत जॅक स्टीफन्स या पशुवैद्याने १९८० साली कॅलिफोर्नियात केवळ पाळीव प्राण्यांच्या विम्याची कंपनी काढली. तिची पहिली पॉलिसी १९८२ मध्ये दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध कुत्री लॅसी हिच्या नावे निघाली. जाहिरात म्हणून ते उत्तमच होते! पण महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आधी पैशांअभावी कुत्र्याला कायमचे झोपवण्याचा निर्णय घेणारी कुटुंबे आता उपचार निवडू शकतील, हा त्यामागचा विचार होता, आणि तो मांडणारा माणूस विमा क्षेत्रातला नव्हता, दवाखान्यातला होता.

स्वीडनच्या अनुभवाचा एक फायदा संशोधनाला झाला. तेथे बहुसंख्य कुत्र्यांचा विमा असल्यामुळे दाव्यांच्या नोंदींतून कोणत्या जातीला कोणता आजार किती वयात होतो, हे अभ्यासता आले. नसबंदीची सरसकट पद्धत तेथे नसल्याने असे दिसले की सुमारे चौथा हिस्सा माद्यांना वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत गर्भाशयात पू होण्याचा आजार, म्हणजे पायोमेट्रा, होतो. त्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. तुमच्याकडे नसबंदी न केलेली मादी असेल, तर पॉलिसीच्या वगळलेल्या आजारांच्या यादीत प्रजनन अवयवांचे आजार आहेत का, हे आधी पाहा. हप्ता नंतर बघता येईल.

दुसरा परिणाम तितका सुखाचा नाही. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने पशुवैद्यक सेवांची पाहणी केली तेव्हा असे आढळले की २०१३ च्या सुमारास सुमारे दहा टक्के दवाखाने मोठ्या समूहांच्या मालकीचे होते, आणि दहा वर्षांत हे प्रमाण जवळपास साठ टक्क्यांवर गेले. बिल विमा भरणार असेल तर ग्राहक भाव विचारत नाही, आणि भाव वाढले की विम्यावाचून गत्यंतर उरत नाही. आपल्याकडे अजून ती वेळ आलेली नाही, पण मोठ्या शहरांत दवाखान्यांच्या साखळ्या दिसू लागल्या आहेत.

भारतातील नवी पॉलिसी

२०२० नंतर भारतातील खासगी कंपन्यांनी नव्या घडणीच्या पॉलिसी आणल्या. बजाज अलायन्झने २०२० मध्ये श्वान-विमा काढला, नंतर इतरांनीही. शस्त्रक्रिया व दवाखान्यात भरती, गंभीर आजार, दीर्घकाळचे उपचार, बाह्यरुग्ण तपासणी, मृत्यू, चोरी किंवा हरवणे, आणि तुमच्या कुत्र्याने दुसऱ्याला इजा केल्यास येणारी कायदेशीर जबाबदारी, असे तुकडे करून ते निवडायला दिले जातात. देशी आणि संकरित कुत्र्यांनाही प्रवेश मिळाला. हा खरोखर मोठा बदल आहे, कारण बिनकिमतीचा कुत्राही आता खर्चाच्या बाजूने विमायोग्य ठरला.

निवडताना गफलत होते ती येथेच. ‘कुत्र्याचा विमा’ या एकाच नावाखाली दोन वेगळे करार विकले जातात. एक किमतीचा, दुसरा खर्चाचा. स्वस्त पॉलिसी पुष्कळदा मृत्यू आणि चोरीचीच असते. दत्तक घेतलेल्या देशी कुत्र्यासाठी मृत्यूचे संरक्षण घेणे मला निरर्थक वाटते. तो हप्ता शस्त्रक्रियेच्या मर्यादेवर खर्च करावा. शिकाऊ किंवा प्रदर्शनाच्या कुत्र्याचा हिशेब वेगळा असू शकतो. खर्चाच्या पॉलिसीतही ‘मर्यादा’ हा शब्द तीन ठिकाणी शोधा: वर्षाची एकूण मर्यादा, एका आजाराची मर्यादा, आणि प्रत्येक बिलातला तुमचा वाटा. ब्रिटनमध्ये काही पॉलिसी एका आजाराला बारा महिने पैसे देतात, काही त्या आजारासाठी एक ठरावीक रक्कम संपेपर्यंत देतात, आणि काही दरवर्षी ती मर्यादा नव्याने भरून देतात. मधुमेह किंवा त्वचेची ॲलर्जी यांसारख्या जन्मभराच्या दुखण्यात या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. भारतात तिसरा प्रकार दुर्मीळ आहे. म्हणून नूतनीकरण किती वयापर्यंत होते, हेही विचारून घ्या. ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींचे आयुष्यच कमी, त्यामुळे त्यांची वयोमर्यादाही लवकर संपते.

खुणेचे काय झाले? कानातल्या बिल्ल्याची जागा मायक्रोचिपने घेतली. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी: तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप बॅटरीशिवाय चालते. वाचक यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातून तिच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि ती १३४.२ किलोहर्ट्झवर आपला १५ अंकी क्रमांक परत पाठवते. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ ही त्याची मानके. ती खांद्यांच्या मधल्या कातडीखाली बसवतात. कुत्रा कुठे आहे हे ती सांगते, हा गैरसमज आहे. तो कोण आहे एवढेच ती सांगते, आणि विमा कंपनीला तेवढेच हवे असते.

पॉलिसी बदलताना

माणसांच्या आरोग्य विम्यात १ ऑक्टोबर २०११ पासून पोर्टेबिलिटी आली. एका कंपनीकडे प्रतीक्षा काळाची जितकी वर्षे काढली, तितकी नव्या कंपनीने धरायची असा तो नियम. त्यामुळे आपल्याला वाटते की कुत्र्याचेही तसेच असेल. तसे नाही. कुत्र्याची पॉलिसी त्या नियमात येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती अजून मालमत्तेच्या अंगाने जाणारा करार आहे. स्कूटरचा विमा बदलला तर मागच्या दुरुस्तीचे फारसे कोणी विचारत नाही, हे खरे, पण कुत्र्याच्या पॉलिसीत मालमत्तेचा कायदा आणि आजाराचा इतिहास एकत्र येतात. दोन्हीकडचे तोटे मिळतात, माणसाच्या विम्यातले संरक्षण मिळत नाही.

नवी कंपनी आधीपासूनचे आजार का वगळते, हेही समजून घ्या. आजार कळल्यावर विमा घेण्याची मुभा दिली, तर फक्त आजारी कुत्र्यांचेच मालक विमा घेतील, हप्ता वाढेल, निरोगी कुत्र्यांचे मालक निघून जातील, आणि योजना कोसळेल. तर्क बरोबर आहे. पण तुम्ही चार वर्षे प्रामाणिकपणे हप्ते भरलेत, आजार तिसऱ्या वर्षी झाला, आणि आता केवळ कंपनी बदलता आहात. तुम्ही आजार लपवून आलेले नाही, तरी नव्या कंपनीच्या दारात तुमची गणना त्यांच्यातच होते.

एक काल्पनिक हिशेब करू. समजा कुत्र्याला दीर्घकाळचा आजार आहे, वर्षाला २४,००० रुपये औषधोपचार लागतात, आणि जुनी पॉलिसी त्यातले ८० टक्के, म्हणजे १९,२०० रुपये देते. नवी कंपनी हप्त्यात ३,००० रुपये कमी घेते, पण हा आजार वगळते. बदल केल्यास दरवर्षी १६,२०० रुपयांचा तोटा. हप्त्यांचे तक्ते शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याला हा आकडा कोणत्याच तक्त्यात दिसत नाही, कारण तो त्याच्या कुत्र्याच्या केसपेपरमध्ये असतो.

अमेरिकेत राज्यांच्या विमा आयुक्तांच्या संघटनेने २०२२ मध्ये पाळीव प्राण्यांच्या विम्यासाठी आदर्श कायदा मंजूर केला. आजार आधीपासून होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यात कंपनीवर टाकली आहे, आणि नूतनीकरणाच्या वेळी नवा प्रतीक्षा काळ लावायला मनाई आहे. कॅलिफोर्नियाने त्याआधीच, २०१४ मध्ये, पाळीव प्राण्यांच्या विम्याबाबत कायदा केला होता. तेथेही कंपनी बदलताना आजार सोबत नेता येत नाही. एकाच कंपनीत राहणाऱ्याला मात्र संरक्षण मिळते. आपल्याकडे एवढेही स्पष्ट लिहिलेले नसते, म्हणून नूतनीकरणाच्या वेळी मागील वर्षी दावा झालेला आजार चालू राहील का, हे कंपनीला ई-मेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

तरीही बदलायचे असेल, तर ते कुत्रा तरुण आणि निरोगी असताना करावे. जुनी पॉलिसी संपायच्या दिवशी नवी घेऊ नका. नव्या पॉलिसीत पहिले काही दिवस आजारासाठी प्रतीक्षा काळ असतो, तो संपेपर्यंत दोन्ही चालू ठेवा. त्या काळात जास्त भरलेला हप्ता वाया गेला असे समजू नका. चिपचा क्रमांक, लसीकरणाचे कार्ड आणि नव्या पॉलिसीतील वर्णन जुळते का, हे पाहा.

आणि प्रस्ताव अर्जात आजार लपवू नका. विम्यातील परम सद्भावनेचे तत्त्व १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्डने ‘कार्टर विरुद्ध बोहम’ या खटल्यात मांडले. खटला सुमात्रातील मार्लबरो किल्ल्याच्या विम्याचा होता, फ्रेंचांनी तो घेतला आणि विमेदाराने माहिती दडवली असा आरोप झाला. गंमत अशी की हे तत्त्व सांगूनही निकाल विमेदाराच्या बाजूने लागला. जे विमा कंपनीला स्वतः ठाऊक असायला हवे, ते सांगितले नाही म्हणून दावा नाकारता येत नाही, आणि सद्भावना दोन्ही बाजूंना लागू आहे, असे मॅन्सफील्डचे म्हणणे होते. म्हणून अर्जाबरोबर पशुवैद्याच्या नोंदींची पूर्ण प्रत जोडा, पोच घ्या, आणि कोणता आजार वगळला जाणार आहे हे हप्ता भरण्याआधी लेखी मागा. ‘कुत्रा दोन वर्षांपूर्वी लंगडत होता’ ही केसपेपरवरची एक ओळ तुम्ही विसरलेले असता. सर्व्हेअर ती दाव्याच्या वेळी वाचतो, आणि तेव्हा तीच ओळ सांध्याच्या सगळ्या आजारांना लावली जाते. ती त्या वेळच्या काट्यामुळे होती की सांध्यामुळे, हे पशुवैद्याकडून आजच लिहून घेता येते.